एका पगारावर परदेशात भागेल का? सोलापूरकरांसाठी हिशोबाची पद्धत

ऑफर लेटर आलं की सोलापुरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काय बे, किती लाखाचं पॅकेज?" ५५ हजार युरो म्हटलं की समोरचा लगेच शंभराने गुणतो आणि ५५ लाख म्हणून मोकळा होतो. मग महिन्याचे साडेचार लाख, त्यातला निम्मा खर्च धरला तरी सव्वादोन लाख शिल्लक, असा हिशोब चहाचा कप संपायच्या आत पूर्ण होतो. आईवडील, सासू-सासरे, मित्र सगळे त्या आकड्यावर खूश असतात. मला त्यांचा आनंद मोडायचा नाही. पण या आकड्यावर विसंबून बायकोला नोकरी सोडायला लावणं, पोराची शाळा बदलणं आणि घरातलं सोनं गहाण ठेवणं हे निर्णय होतात, म्हणून हिशोब नीट व्हायला हवा. घरात एकच जण कमावणार असेल तर तो आणखी नीट व्हायला हवा. या लेखात त्याची पद्धत देतो. कागद-पेन घेऊन बसा आणि शक्य तर नवरा-बायको दोघंही बसा.

आधी सोलापूरचं घर कशावर चालतं ते लिहा

बहुतेक जण हे करतच नाहीत. "आमचं घर एका पगारावर चालतं" असं आपण सहज म्हणतो, पण नीट पाहिलं तर ते फक्त पगारावर चालत नाही. जुळे सोलापुरात किंवा विजापूर रोडला स्वतःचं घर असतं, त्यामुळे भाडं नसतं. आई दिवसभर नातवाला सांभाळते, त्यामुळे पाळणाघराचा खर्च नसतो. गावाकडून ज्वारी येते, मंगळवेढ्याच्या बाजूला शेती असेल तर वर्षाची बेगमी होते. ताप आला तर ओळखीचे डॉक्टर आहेत. लग्नकार्याला जायचं तर स्कूटर किंवा भावाची गाडी आहे. बायको शाळेत शिकवते किंवा घरी शिकवण्या घेते आणि तिचे पंधरा-पंचवीस हजार किराणा आणि दुधात जिरून जातात, म्हणून ते कोणी मोजतच नाही.

यातल्या प्रत्येक गोष्टीचं तिकडे बिल येतं. घराचं येतं, मुलाला सांभाळण्याचं येतं, डॉक्टरचं किंवा विम्याचं येतं, आणि बायकोचं उत्पन्न पहिल्या दिवशी थांबतं. म्हणून वहीच्या डाव्या बाजूला पगार न लिहिता ही यादी लिहा: आज आपल्याला काय काय पैसे न देता मिळतंय? माझ्या अनुभवात ही यादी दहा-बारा ओळींची होते आणि ती झाली की पुढचा हिशोब आपोआप खरा होऊ लागतो.

मोठा आकडा विसरा, हातात येणारा आकडा काढा

आपल्याकडे सीटीसी नावाच्या आकड्यात कंपनीचा पीएफचा वाटासुद्धा घुसडलेला असतो. युरोपात बहुधा तसं नसतं, ऑफरमधला आकडा हा तुमचा स्वतःचा पूर्ण पगार असतो. पण त्यातून कापलं जातं ते भरपूर. शिवाय तो वार्षिक आकडा बारा हप्त्यांत मिळणार की तेरा, हेही विचारा. नेदरलँड्समध्ये आठ टक्के सुट्टीभत्ता बहुधा मे महिन्यात एकत्र देतात आणि तो कधीकधी वार्षिक आकड्यातच धरलेला असतो. म्हणजे दर महिन्याला येणारी रक्कम तेवढी कमी.

जर्मनीचं उदाहरण जरा खोलात घेतो, कारण सध्या इंजिनिअर आणि नर्स या दोन्ही वर्गांतले आपले लोक तिकडे जातायत. पगारातून पेन्शनचे ९.३ टक्के, बेरोजगारी विम्याचे १.३ टक्के, आरोग्य विम्याचे ७.३ टक्के अधिक विमा संस्थेच्या जादा आकारणीचा अर्धा भाग, आणि शुश्रूषा विम्याचा (म्हातारपणी किंवा आजारपणात सांभाळायला माणूस लागला तर त्यासाठीचा) वाटा जातो. सगळं मिळून एकवीस टक्क्यांच्या आसपास. त्यावर आयकर वेगळा. तेवढाच वाटा कंपनीही भरते, पण तो तुमच्या आकड्याच्या बाहेर असतो.

आता एका पगाराच्या घरासाठी महत्त्वाचं. जर्मनीत विवाहित जोडप्याचा कर दोघांचं उत्पन्न एकत्र धरून काढता येतो, त्यामुळे एकच जण कमावत असेल तर कर बराच कमी होतो. यासाठी तिसरा करवर्ग मिळतो. ५५ हजार युरोच्या पगारावर एकट्या माणसाच्या हातात २०२५ च्या दराने महिन्याला साधारण २,९०० युरो येतात. तोच माणूस बायको आणि एका मुलासह तिथे राहत असेल आणि तिसऱ्या वर्गात असेल, तर साधारण ३,२८० येतात. फरक जवळपास ३८० युरोंचा आहे आणि घरखर्चात तो जाणवतो.

पण बायको सोलापुरात असेपर्यंत हा वर्ग मिळत नाही. ती तिथे राहायला आल्यावर, पत्त्याची नोंद झाल्यावर आणि लग्नाचा दाखला दाखवल्यावर तो लागू होतो. आपल्याकडे कितीतरी लग्नांची नोंदणीच झालेली नसते; पत्रिका, फोटो आणि मंगल कार्यालयाची पावती एवढाच पुरावा असतो. तेव्हा महापालिकेत विवाह नोंदणीचं काम निघण्याच्या बरंच आधी उरका आणि तो दाखला त्या देशाला कोणत्या रूपात व कोणत्या भाषेत लागतो, हे कंपनीला विचारून घ्या. हा कागद व्हिसासाठी तर लागतोच, पण पगारातल्या या ३८० युरोंसाठीही लागतो. आणि पत्ता नोंदवताना धर्माचा रकाना आला तर घाबरू नका. चर्चकर चर्चच्या नोंदणीकृत सदस्यांना लागतो, हिंदू किंवा मुसलमान म्हणून नोंद केल्याने तो लागत नाही.

ब्रिटनमध्ये चित्र उलटं आहे. तिथे प्रत्येकाचा कर स्वतंत्र, त्यामुळे घरात एकच कमावता असण्याची फारशी सवलत नाही. वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंत कर नाही, पुढे ५०,२७० पर्यंत वीस टक्के, आणि त्याच टप्प्यावर नॅशनल इन्शुरन्सचे, म्हणजे सामाजिक सुरक्षेच्या सक्तीच्या वर्गणीचे, आठ टक्के. ४५ हजार पौंडांचा पगार असेल तर हातात महिन्याला २,९९० पौंडांच्या आसपास, आणि पेन्शनची कपात सुरू झाली की त्याहून कमी.

दुबईत पगारावर आयकर नाही. म्हणून तिथल्या आकड्याला लोक सरसकट जास्त भाव देतात. त्याबद्दल पुढे लिहितो.

प्रत्येक देशासाठी इंटरनेटवर पगाराचे हिशोबयंत्र मिळतात. त्यात विवाहित आहात का, मुलं किती, राज्य कोणतं हे बरोबर भरा. आलेला आकडा कंपनीच्या एचआरला पाठवून "माझ्या बाबतीत अंदाजे एवढंच येईल ना?" असं विचारा. यात काहीही संकोच नको, तिथे हा प्रश्न अगदी नेहमीचा आहे.

जोडीदाराला काम करायची परवानगी आहे का?

"आत्ता एक पगार, नंतर दोन" अशी आशा प्रत्येक घरात असते. ती व्हिसाच्या नियमावर टिकते, म्हणून नियम आधी वाचा. जर्मनीच्या ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या परवान्यावर, आलेल्याच्या जोडीदाराला काम करायची मोकळीक आहे. ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदारालाही आहे. पण केअर वर्कर म्हणून (म्हातारी-आजारी माणसं सांभाळायला) जाणाऱ्यांना मार्च २०२४ पासून कुटुंब सोबत नेता येत नव्हतं आणि जुलै २०२५ पासून परदेशातून नव्या केअर वर्करची भरतीच बंद झाली, हे एजंट सांगत नाहीत. नेदरलँड्समध्ये उच्च कुशल कामगाराच्या जोडीदाराला परवानगी आहे. अमेरिकेत एच-फोरवर, म्हणजे एच-वनबी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, सर्वसाधारणपणे नाही. एच-वनबी धारकाच्या ग्रीन कार्डच्या प्रक्रियेतला एक टप्पा मंजूर झाला तरच परवाना मिळू शकतो. सिंगापुरात मे २०२१ पासून डिपेंडंट पासवर असलेल्याला नोकरीसाठी स्वतःचा वर्क पास काढावा लागतो.

परवानगी असली तरी नोकरी लगेच मिळत नाही. आपल्याकडे बीएड करून दहा वर्षं शिकवणाऱ्या बाईला जर्मनीत शाळेत उभं राहायचं तर भाषा आणि पात्रतेची मान्यता यात वर्षं जातात. पाळणाघरात जागा मिळायलाही थांबावं लागतं आणि जागा नाही तोवर ती भाषेच्या वर्गालाही जाऊ शकत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत: पहिली दोन वर्षं दुसरा पगार शून्य धरा. त्यावर भागत असेल तरच निघा. दुसरा पगार आलाच तर तो पूर्ण शिलकीत जाईल.

महिन्याचा हिशोब तिथल्याच पैशात करा

आता ३,२८० युरोंचं घर उभं करू. शहर मध्यम आकाराचं, म्युनिक नव्हे. कुटुंब तिघांचं, मूल चार वर्षांचं. मुलामागे सरकारकडून मिळणारा भत्ता २०२५ मध्ये २५५ युरो होता, तो धरला तर महिन्याची जमा ३,५३५. खाली लिहिलेले खर्चाचे आकडे नमुन्यादाखल आहेत. तुमच्या शहराचे आकडे तुम्हीच भरायचे आहेत.

घरभाडं, हीटिंग आणि पाण्यासह: १,१५०
वीज, इंटरनेट, दोन मोबाइल: १५०
रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी: १८
किराणा, भाजी, दूध: ५५०
प्रवास: ९०
बालवाडी आणि तिथलं जेवण: १५०
कपडे, घरातलं किडुकमिडुक, औषधं: १५०
दायित्व विमा (आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर): १५
बायकोचा भाषेचा वर्ग: १२०
भारतात वर्षातून एकदा येण्याची तिकिटं, बारा महिन्यांत वाटून: २००
अडीअडचण: १००

बेरीज २,६९३. शिल्लक ८४२.

या यादीतल्या काही ओळींवर थांबायला हवं. भाड्याच्या जाहिरातीत दोन आकडे असतात: एक नुसत्या घराचा, दुसरा हीटिंग आणि पाणी धरून. आपले लोक पहिला पाहून खूश होतात. हिशोबात नेहमी दुसरा धरा आणि वीज बहुधा त्याच्याही बाहेर असते हे लक्षात ठेवा. भाडं हातात येणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शाच्या फार वर गेलं तर घरमालकच घर द्यायला कां-कू करतो. घरांच्या खऱ्या किमती पाहायच्या तर जर्मनीसाठी इमोस्काउट२४, ब्रिटनसाठी राइटमूव्ह, आयर्लंडसाठी डॅफ्ट, नेदरलँड्ससाठी पॅरारियस आणि दुबईसाठी बायूत ही संकेतस्थळं उघडा. कंपनीच्या पत्त्यापासून पाऊण तासाच्या अंतरातली दहा-पंधरा घरं पाहा, सगळ्यात स्वस्त दोन सोडून द्या आणि उरलेल्यांमधलं मधलं भाडं धरा.

रेडिओ-टीव्हीची वर्गणी १८.३६ युरो आहे, प्रत्येक घराला द्यावी लागते, घरात टीव्ही असो वा नसो. लोकल आणि बससाठी देशभर चालणारं मासिक तिकीट मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं आणि जानेवारी २०२६ पासून ६३. सहा वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. गाडी घेण्याचा विचार पहिल्या वर्षी नकोच, कारण आपल्या लायसन्सवर तिथे नोंदणी झाल्यापासून सहाच महिने चालवता येतं आणि पुढे परीक्षा, क्लास असा मोठा खर्च आहे.

आरोग्य विम्याची ओळ या यादीत दिसत नाही. याचं कारण सरकारी विमा योजनेत न कमावणारी बायको आणि मुलं जादा हप्ता न भरता बसतात. एका पगाराच्या कुटुंबाला जर्मनी परवडण्याचं हे मोठं कारण आहे. नेदरलँड्समध्ये मात्र प्रत्येक मोठ्या माणसाचा स्वतंत्र विमा घ्यावा लागतो, माणशी दीडशे युरोंच्या आसपास, आणि वर्षाचे पहिले ३८५ युरो बहुतेक उपचारांसाठी स्वतःच्या खिशातून. मुलांचा विमा फुकट आहे. पगाराचा काही भाग करमुक्त ठेवणारी तीस टक्क्यांची सवलत तिथे मिळू शकते, ती २०२७ पासून सत्तावीस टक्के होणार आहे. कंपनी त्यासाठी अर्ज करणार का, हे करारात लिहून घ्या, कारण कामावर रुजू झाल्यापासून चार महिन्यांत अर्ज गेला नाही तर मागच्या महिन्यांची सवलत बुडते.

किराण्याबद्दल दोन शब्द. जे तिथलं आहे ते स्वस्त पडतं: बटाटा, कोबी, दूध, अंडी, मसूर, ओट्स. जे आपलं आहे ते महाग पडतं. ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात छोट्या पुड्यात मिळतं आणि रोज भाकरी करायची म्हटलं तर किराण्याचं गणित हलतं. शेंगाची चटणी, कडक भाकरी, काळा मसाला बॅगेतून न्या. गव्हाची चपाती आणि डाळ यावर घर चालवलं तर ५५० युरोंत तिघं नीट जेवतात. बाहेरचं जेवण हा मोठा फरक आहे: सोलापुरात रविवारी चौघं हॉटेलात गेले तर फार विचार करत नाही, तिकडे करावा लागतो.

रुपयात करायचा हिशोब इथे येतो

पगार रुपयात गुणायचा नाही हे खरं, पण सोलापूरच्या जबाबदाऱ्या मात्र युरोत भागायच्या. घराचा हप्ता २८ हजार, आईवडिलांच्या घरखर्चाला १५ हजार, त्यांच्या मेडिक्लेमचे महिन्याला ४ हजार, असे ४७ हजार रुपये. सोयीसाठी युरो शंभराला धरला तर ४७० युरो. आता ८४२ मधून ते गेले की उरतात ३७२.

म्हणजे भागलं. पण कसं भागलं ते पाहा. हेच कुटुंब आज सोलापुरात असेल, नवरा पुण्याच्या कंपनीचं काम घरून करत असेल, हातात ९० हजार येत असतील आणि बायकोचे २५ हजार, तर एकूण १ लाख १५ हजार. त्यातून हप्ता २८, सगळ्यांचा घरखर्च ४५, विमा ४, उरले ३८ हजार. आणि जर्मनीतले ३७२ युरो म्हणजे ३७ हजार. पगार ५५ लाखांचा दिसत होता, शिल्लक मात्र जवळपास जागच्या जागी आहे.

याचा अर्थ जाऊ नका असा मी मुळीच काढत नाही. कामाचा अनुभव, पुढची पगारवाढ, मुलाचं शिक्षण, बायकोला दोन वर्षांनी मिळू शकणारी नोकरी, या सगळ्याला किंमत आहे. पण "दोन वर्षांत कर्ज फिटेल" एवढ्याच भरवशावर निघणार असाल, तर हा आकडा तो भरवसा देत नाही. हप्ता कमी करता येतो का, सोन्यावरचं कर्ज आधी फेडता येतं का, हे निघण्याआधी पाहा.

आणि तोच कागद म्युनिकसाठी लिहा. भाड्याची ओळ १,१५० ऐवजी १,८०० करा. ३७२ ची शिल्लक जाऊन महिन्याला २७८ युरोंचा खड्डा पडतो. पगार तोच, देश तोच, फक्त शहर बदललं. म्हणून "जर्मनीत ५५ हजार पुरतात का?" या प्रश्नाला उत्तर नाही. शहराचं नाव घातल्याशिवाय हा प्रश्न कोणाला विचारू नका आणि कोणी विचारला तर आधी शहर विचारा.

दुबईचा हिशोब वेगळ्या वहीत

आखातात जाणारे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहेत, त्यामुळे माहिती भरपूर फिरते, पण ती एकट्या माणसाची असते. कंपनीच्या कॅम्पात राहून पैसे पाठवणं निराळं आणि बायको-मुलांना घेऊन राहणं निराळं.

तिथे पगाराचे तुकडे पाडलेले असतात: मूळ पगार, घरभत्ता, प्रवासभत्ता. १२ हजार दिरहम म्हणतात तेव्हा मूळ पगार किती ते पाहा, कारण नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर काढतात, पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार. मूळ पगार ५ हजार असेल तर वर्षाला ३,५०० दिरहम जमा होतात, ८ हजार असेल तर ५,६००. एकूण पगार दोन्हीकडे सारखाच दिसतो.

भाडं वार्षिक ठरतं आणि आगाऊ चेकने द्यावं लागतं, एक, दोन किंवा चार चेकमध्ये. वर्षाला ६० हजारांचं घर दोन चेकमध्ये घेतलं तर पहिल्याच आठवड्यात ३० हजार दिरहम, शिवाय साधारण पाच टक्के अनामत आणि पाच टक्के एजंटचे. वीज-पाण्याच्या बिलात वार्षिक भाड्याच्या पाच टक्क्यांएवढं घरशुल्क हप्त्याहप्त्याने येतं. हे चेक वटले नाहीत तर प्रकरण गंभीर होतं, म्हणून घर घेण्याआधी कंपनी आगाऊ घरभत्ता देते का ते विचारा.

आणि शाळा. जर्मनीत सरकारी शाळेला फी नाही. दुबईत आपल्या मुलांसाठी खासगी शाळाच घ्यावी लागते. दुबईच्या शिक्षण प्राधिकरणाच्या, म्हणजे केएचडीएच्या संकेतस्थळावर प्रत्येक शाळेची इयत्तावार फी दिलेली आहे. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा तुलनेने कमी फीच्या असतात, पण दोन मुलं असतील तर बस आणि पुस्तकं धरून हीच ओळ निर्णय फिरवते. न कापलेला कर फीमध्ये जातो असं समजा.

मजुरीच्या किंवा ड्रायव्हरच्या कामाला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. एजंट सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत आहे का ते नाव घालून तपासा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. लाख-दीड लाख मागत असेल आणि व्हिजिट व्हिसावर पाठवतो म्हणत असेल तर पुढे बोलूच नका.

पहिल्या पगाराआधी लागणारी रक्कम

महिन्याचं गणित जुळूनही लोक अडकतात ते इथे. पगार महिन्याच्या शेवटी येतो आणि खर्च विमानतळापासून सुरू होतो. आपल्या जर्मनीच्या कुटुंबाचंच घ्या. नुसत्या घराचं भाडं ९०० असेल तर अनामत जास्तीत जास्त त्याच्या तिप्पट, म्हणजे २,७००. पहिल्या महिन्याचं पूर्ण भाडं १,१५०. कायमचं घर मिळेपर्यंत महिनाभराचं फर्निचर असलेलं तात्पुरतं घर, समजा १,४००. मग सामान. जर्मनीत पुष्कळ घरं स्वयंपाकघराशिवाय भाड्याने देतात. ओटा, सिंक, शेगडी, काहीच नसतं. खोलीत भिंतीतून बाहेर आलेले नळाचे दोन तोंड आणि विजेचे पॉइंट एवढंच दिसतं. मागचा भाडेकरू स्वयंपाकघर विकत देणार असेल तर घासाघीस करून घ्या, नाहीतर जुनं सामान विकणाऱ्या संकेतस्थळांवर शोधा. गाद्या, पलंग, वॉशिंग मशीन धरून २,५०० ठेवा. महिन्याच्या खाण्या-प्रवासाचे ८००. झाले साडेआठ हजार युरो, म्हणजे साडेआठ लाख रुपये, तिकिटं आणि व्हिसा सोडून.

अनामत एकदम द्यावीच लागते असं नाही. तिथल्या कायद्याने ती तीन मासिक हप्त्यांत देता येते. घरमालक नाराज होऊ शकतो, पण हा हक्क आहे हे माहीत असावं.

ब्रिटनला जाणाऱ्यांनी इथे फार सावध राहावं. आरोग्य अधिभार, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीची रक्कम, व्हिसाच्या अर्जाबरोबरच, संपूर्ण मुदतीचा, एकरकमी भरावा लागतो. मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६. तिघांचं कुटुंब, तीन वर्षांचा व्हिसा: ८,५३८ पौंड. आजच्या भावाने दहा लाख रुपयांच्या घरात. यात व्हिसाची फी नाही आणि तिकिटंही नाहीत. नर्स किंवा डॉक्टर हेल्थ अँड केअर व्हिसावर जात असतील तर हा अधिभार माफ आहे. बाकीच्यांनी कंपनी तो भरणार का आणि कुटुंबाचाही भरणार का, हे लेखी घ्यावं. "आम्ही व्हिसाचा खर्च करतो" या वाक्यात पुष्कळदा फक्त कर्मचाऱ्याचा खर्च असतो.

नोकरी गेली तर

दोन पगारांच्या घरात एक गेला तर ओढाताण होते, एका पगाराच्या घरात परतीचं तिकीट काढावं लागतं. जर्मनीत बहुतेक करारांत पहिले सहा महिने चाचणीकाळ असतो आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर कामावरून कमी करता येतं. ब्रिटन आणि अमेरिकेत नोकरी सुटल्यावर नवी शोधायला किंवा देश सोडायला साधारण ६० दिवस मिळतात. तेवढ्या दिवसांचा घरखर्च, तिघांची तिकिटं आणि सोलापूरचे हप्ते, एवढी रक्कम हात न लावता बाजूला असली पाहिजे. आपल्या उदाहरणात ती साधारण दहा हजार युरो होते. ती सुरुवातीला भारतातल्या ठेवीत असली तरी चालेल, पण ती घरच्यांना माहीत असावी आणि कुणाच्या लग्नासाठी मोडायची नाही हे आधी ठरलेलं असावं.

म्हणूनच मी बहुतेक कुटुंबांना सुचवतो की कमावणाऱ्याने आधी एकट्याने जावं आणि चाचणीकाळ संपत आला की बाकीच्यांनी. त्या सहा महिन्यांत तो सामायिक घरात एक खोली घेऊन राहतो, बायकोची सोलापुरातली नोकरी चालू राहते, पोराचं शाळेचं वर्ष मोडत नाही आणि कायमचं घर घाई न करता मिळतं. करवर्गाचे काही युरो हुकतात, पण वाचणारं भाडं त्याहून कितीतरी जास्त असतं. मूल अगदी लहान असेल, किंवा आईवडिलांच्या आजारपणामुळे बायकोवर इकडे एकटीवर सगळा भार पडणार असेल, तर मात्र वेगळा विचार करा. सहा महिन्यांचा दुरावा पैशात मोजता येत नाही आणि तो सोसायचा की नाही हे दोघांनी मिळूनच ठरवायचं असतं.

सही करण्याआधी कंपनीला पाठवायचा मेल

हिशोब मांडल्यावर शिल्लक उणे आली किंवा फारच कमी आली, तर लगेच नकार देऊ नका. पगार वाढवून मागणं हा एकच मार्ग नाही. पुष्कळ कंपन्यांकडे स्थलांतरासाठी वेगळा पैसा असतो आणि तो मागितल्याशिवाय मिळत नाही. साध्या भाषेत पुढच्या गोष्टी विचारा. माझ्यासोबत पत्नी आणि एक मूल येणार आहे, तर त्यांची तिकिटं आणि व्हिसाचा खर्च कंपनी करेल का? पहिले सहा आठवडे राहण्याची सोय होईल का? घराच्या अनामतीसाठी बिनव्याजी आगाऊ रक्कम मिळेल का आणि ती किती हप्त्यांत कापली जाईल? पत्नीच्या भाषेच्या वर्गाचा खर्च मिळेल का? चाचणीकाळ किती? वर्षाच्या आत नोकरी सोडली तर स्थलांतराचे पैसे परत द्यावे लागतील का? पगार बारा हप्त्यांत की तेरा? एक वर्षानंतर पगाराचा आढावा होतो का?

उत्तरं आली की ती कागदावरच्या त्या त्या ओळीत भरा आणि बेरीज पुन्हा करा. फोनवर "हो हो, करू की" असं सांगितलेलं धरू नका, मेलवर आलेलं तेवढंच धरा. दुसऱ्या बेरजेत, दुसरा पगार शून्य धरून आणि सोलापूरचे हप्ते वजा करून, हातात येणाऱ्या रकमेच्या निदान दहावा हिस्सा उरत असेल तर होकार कळवायला हरकत नाही. त्याच्या खाली असेल तर दुसरं शहर किंवा दुसरी ऑफर पाहा, नाहीतर इकडचं कर्ज हलकं होईपर्यंत रुजू होण्याची तारीख पुढे ढकलून मागा.